खासनीससाहेबांचा शिक्का

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक सर्जापूर रोडला राहतात. मूळचे पुण्याचे. एचएसआर लेआउटला माझ्या घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "काकू, तुमच्या आयटी जर्नीबद्दल काहीतरी इन्स्पिरेशनल द्या ना." मी म्हटलं, बाबा रे, सकाळी चिकपेटला बस पकडायची, संध्याकाळी बस पकडून परत यायचं, एवढीच माझी जर्नी. प्रेरणा हवी असेल तर दुसरं कोणी बघ. मला आठवतात ती मूर्ख माणसं, आणि त्यांच्याबद्दल लिहायला माझी ना नाही. ते हसले. त्यांना वाटलं, काकू विनोद करतायत.

तर ही खासनीससाहेबांची गोष्ट. नव्वदच्या दशकातली. मी बेंगळुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर होते. आमच्याकडे युनिक्सचं एक थोरलं मशीन होतं आणि त्याला जोडलेले पुष्कळ टर्मिनल. इंजिनियर लोकांना लागणारी हत्यारं, म्हणजे कंपायलर, एडिटर, छपाईचे प्रोग्रॅम, सगळी त्या मशीनवर एका ठिकाणी ठेवलेली असत. त्याला आम्ही कलेक्शन म्हणायचो. एकेक हत्यार म्हणजे एक पॅकेज. पॅकेजमध्ये ढीगभर फायली असतात, आणि शिवाय एक यादी: कुठली फाईल कुठे ठेवली, आणि हे चालायला आणखी कुठलं पॅकेज लागतं. यादी बिघडली की मशीनला आपल्याकडे काय आहे तेच उमगत नाही. भरल्या घरात बसून ते भीक मागायला लागतं.

हे कलेक्शन आम्हांला आयतं मिळालेलं नव्हतं. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून ठिबकायचं. कोणी परदेशातून येताना टेप आणायचं, कोणी सीडी. ते आमच्या मशीनवर सरळ बसायचं नाहीच. मग मी आणि तुकोजी अण्णा कोडमध्ये शिरून, इथे कातर, तिथे टाका असं करत ते बसवायचो. वर्षानुवर्षं केलेलं ते काम होतं आणि जगात त्याची दुसरी प्रत नव्हती. इंजिनियर लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, मशीन विकत घेतलं की हे आतच असतं.

तुकोजी अण्णा म्हणजे तुकोजीराव. आमच्यासारखेच बेंगळुरात मुरलेले मराठी, राहायला चामराजपेटला. मराठी बोलताना निम्मं कन्नड आणि कन्नड बोलताना निम्मं मराठी. वयानं माझ्याहून मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. आधी ते वीज मंडळाच्या संगणक विभागात टेपा चालवायचे. पक्की सरकारी नोकरी, पेन्शन, सगळं. ते सोडून हा माणूस आमच्या प्रायव्हेट कंपनीत आला, कारण काय, तर म्हणे तिथलं मशीन म्हातारं झालं होतं आणि नवीन काही शिकायला मिळत नव्हतं! सासऱ्यांनी ते ऐकून डोक्याला हात लावला. मुलगी आपण सरकारी माणसाला दिली होती, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. बायको महिनाभर ताट पुढ्यात आदळायची आणि एक शब्द बोलायची नाही. कंपनीनं अण्णांना वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं होतं. वर्ष भरत आलं होतं आणि ते पक्कं होण्याच्या पत्राची वाट बघत होते.

माणूस कामाला चोख, पण एक खोड होती. कोणी काही बोललं, कोणी आळ घेतला, की हे मान हलवून म्हणायचे, "होगली बिडी," म्हणजे जाऊ द्या हो. माझं टाळकं फिरायचं. मी म्हणायची, अण्णा, किती जाऊ द्याल? एक दिवस तुम्हालाच जाऊ देतील.

आता खासनीससाहेब. त्या काळी बेंगळुरात प्रमाणपत्राची साथ आली होती. गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र भिंतीवर असलं की परदेशी गिऱ्हाईक येतं, असं प्रत्येक कंपनीच्या मालकाला कोणीतरी सांगितलेलं. आमच्या एमडींनी त्यासाठी पुण्याकडच्या एका पंपाच्या कारखान्यातून खासनीसांना आणलं आणि क्वालिटीचे प्रमुख करून टाकलं. कारखान्यात त्यांची ख्याती होती म्हणे. तपासलेल्या प्रत्येक नगावर शिक्का. शिक्का नाही तो नग रद्दीत. पंपाच्या बाबतीत ते ठीकच असेल, मला पंपातलं कळत नाही. पण स्वतःला कळत नसलेल्या गोष्टीत तोंड घालायचं नसतं, एवढं तरी मला कळतं. साहेबांना तेही कळत नव्हतं.

आल्या आल्या त्यांनी शिक्के मारायला घेतले. खुर्च्यांवर शिक्का. कॅन्टीनच्या पातेल्यांवर शिक्का. आग विझवायच्या बादल्यांवर शिक्का, आत वाळू असो नसो. मग ते बॅकअपच्या टेपांकडे वळले. बॅकअप म्हणजे मशीनवरच्या मजकुराची जपून ठेवलेली नक्कल. आमच्या टेपांवर अण्णांच्या हातचे कन्नडमध्ये लिहिलेले कागद चिकटवलेले होते. साहेबांनी त्या सगळ्या 'नॉन-कन्फॉर्मिंग' ठरवल्या, गोळा केल्या आणि वरून चुंबक फिरवून कोऱ्या करून टाकल्या. का, तर नव्या लेबलांवर नव्याने सुरुवात करू! मी भांडले. एमडींपर्यंत गेले. एमडी म्हणाले, "सुभद्रा, प्रमाणपत्राचं ऑडिट होईपर्यंत जरा सांभाळून घ्या."

वर आणि साहेबांनी मशीनचा रूट पासवर्ड मागितला. रूट म्हणजे घराची सगळी कुलपं उघडणारी किल्ली. ती ज्याला काम आहे त्याच्याकडेच असावी. मी विचारलं, "तुम्हाला कशाला हवा?" तर म्हणाले, "हे बघा सुभद्राताई, माझ्या हाताखालच्या माणसांकडे आहे आणि माझ्याकडे नाही, हे दिसायला बरं दिसतं का?" दिसायला! शेवटी एमडींचा निरोप आला आणि पासवर्ड द्यावा लागला. पुढचं सगळं रामायण त्या दिवशी ठरलं.

ऑडिटच्या आधीच्या शुक्रवारी मी चुलतबहिणीच्या लग्नाला देवनहळ्ळीला गेले. मंगळवारी परत ऑफिसात येते तो काय, अर्धे इंजिनियर कॅन्टीनमध्ये पत्ते कुटतायत. विचारलं तर म्हणाले, कालपासून मशीन बंद. बंद म्हणजे काय? तर काही चालतं, काही चालत नाही. कंपायलर स्वतः चालतो, पण त्याला चालवणारी आज्ञावली, म्हणजे आज्ञांच्या ओळी लिहिलेली फाईल, चालत नाही. पॅकेजांची यादी विचारली तर मशीन सांगतं, माझ्याकडे काहीच नाही.

मी कॉन्फरन्स रूममध्ये डोकावले. फळ्यावर एक भला मोठा मासा काढलेला. माशाचा सांगाडा काढून प्रत्येक काट्यावर एकेक कारण लिहायचं आणि डोक्याशी मूळ कारण, अशी ती क्वालिटीवाल्यांची पद्धत. खासनीससाहेब कांदासुद्धा न खाणारे, पण मासा काय सुरेख काढला होता. आणि माशाच्या डोक्यावर लिहिलं होतं: तुकोजीराव.

झालं होतं ते असं. शुक्रवारी अण्णांनी परदेशातून आलेल्या टेपवरून एक नवीन कंपायलर बसवला. सोमवारी सगळं कोसळलं. खासनीससाहेबांनी चौकशी समिती नेमली, स्वतः अध्यक्ष झाले आणि निकाल दिला: टेपमधून व्हायरस आला, माणूस बेजबाबदार, प्रोबेशन संपवा. नारळ द्यायचं पत्रसुद्धा टाइप होऊन तयार होतं. सोमवारचा अख्खा दिवस बैठका झाल्या. पण बिघडलेली एक फाईल उघडून बघावी, असं एकाही शहाण्याला सुचलं नाही. अण्णांना मशीनला हात लावायचीच बंदी केलेली.

अण्णा मशीन रूमबाहेर स्टुलावर बसले होते. हातात डबा ठेवायची पिशवी, तीही नीट घडी घातलेली.

"अण्णा, तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं अक्का? सायेब म्हणाले, तुम्हीच शेवटचा हात लावला. लावला होता की. होगली बिडी."

"बिडी काय बिडी! घरी सांगितलंत?"

त्यांनी पिशवीची घडी उलगडून पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, "बायकोला सांगितलं ऑडिट आहे, घरी यायला उशीर होईल. तिला काय सांगू? सासऱ्यांना सांगायला तिला तोंड नको?" आणि या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोवर त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. मला इतका संताप आला की मी तडक मशीनसमोर जाऊन बसले.

एक बंद पडलेला प्रोग्रॅम चालवून पाहिला. मशीन म्हणालं: 'कंट्रोल्ड: नॉट फाउंड'. कंट्रोल्ड नावाची आज्ञा सापडत नाही. असली आज्ञा आम्ही कधी लिहिली नव्हती. फाईल उघडली. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत 'कंट्रोल्ड कॉपी'. खाली दस्तऐवज क्रमांक, आवृत्ती, आणि मान्यता: अ. वा. खासनीस.

दुसरी फाईल उघडली. तेच. तिसरी. तेच. पॅकेजांच्या याद्या उघडल्या, त्यांच्याही डोक्यावर तेच बाशिंग. शनिवारी ऑफिस रिकामं असताना या महाभागानं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून मशीनवरच्या झाडून सगळ्या मजकुराच्या फायलींवर शिक्का मारला होता!

यानं काय होतं ते सांगते. आमच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. कापलेल्या कापडाची जुडी बांधली की वर एक चिठ्ठी लावायची, ही कोणत्या कारागिराकडे जायची त्याची. चिठ्ठी सगळ्यात वरच हवी. युनिक्सच्या आज्ञावलीतही पहिली ओळ म्हणजे ती चिठ्ठी असते: ही फाईल कोणी वाचायची ते त्यात लिहिलेलं असतं. साहेबांनी तिच्या वर आपलं नाव चढवलं. मशीन बिचारं साहेबांचं नावच आज्ञा समजून पाळायला गेलं.

एवढंच असतं तर मी चार ओळी काढून टाकल्या असत्या. पण हे सद्गृहस्थ शिक्के मारत असताना मशीनची डिस्क भरली. फाईल नव्याने लिहायची, वर शिक्का, खाली जुना मजकूर, असा त्यांचा प्रोग्रॅम. डिस्क भरल्यावर शिक्का तेवढा लिहिला गेला आणि मजकुराला जागा उरली नाही. तरी प्रोग्रॅम आंधळ्यासारखा पुढे चालत राहिला आणि जुनी फाईल पुसून टाकत राहिला. म्हणजे कलेक्शनमधल्या कितीतरी फायलींत वर साहेबांची मान्यता होती आणि खाली एक अक्षर नव्हतं. आमच्या हातच्या सगळ्या दुरुस्त्या त्यात गेल्या. मी खुर्चीत मागे टेकले आणि त्या माणसाला मराठीत आणि कन्नडमध्ये ज्या शिव्या दिल्या, त्या दिवाळी अंकात छापण्यासारख्या नाहीत.

बॅकअप हवा होता, आणि बॅकअपवर तर चुंबक फिरलेला. मी बाहेर येऊन अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. इकडे तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "अक्का, स्वल्प इकडे ये."

जिन्याखाली नेऊन कानात सांगितलं. शुक्रवारी कंपायलर बसवायच्या आधी त्यांनी अख्ख्या कलेक्शनची टेप घेतली होती. आधीच्या टेपांची गत डोळ्यांनी पाहिली असल्यामुळे ही टेप त्यांनी ऑफिसात ठेवलीच नाही. घरी नेली.

"घरी? घरी कुठे?"

"देवर मनेत. देवघरात. तिथं उंदीर नाही, ओल नाही, पोरं हात लावत नाहीत."

"अहो, मग काल का नाही बोललात?"

"ऑफिसची टेप बाहेर नेली तर जागच्या जागी बडतर्फ, असं सायेबांनीच बोर्डावर लावलंय की. व्हायरससाठी नोकरी गेली तर निदान पगाराचा दाखला मिळेल. चोरीसाठी गेली तर तोही नाही."

बघा म्हणजे! कंपनीचा जीव या माणसाच्या देवघरात सुखरूप आणि ते सांगायची त्याची प्राज्ञा नाही. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, आता तुम्ही एक काम करा. तोंड बंद ठेवा. तुम्हाला ते छान जमतं."

मी एमडींच्या केबिनमध्ये गेले आणि खासनीससाहेबांनाही बोलवून घेतलं. फायलींचा प्रिंट टेबलावर ठेवला. साहेबांनी आपलं नाव पाहिलं आणि प्रसन्न झाले. खरंच सांगते, प्रसन्न झाले!

"हो, शनिवारी मी स्वतः बसून केलं. प्रोग्रॅमही माझाच. का? काही राहिल्यात का?"

"साहेब, यामुळे मशीन बंद पडलंय."

"कसं शक्य आहे? मी फक्त वर चार ओळी घातल्या. खालचं काही हलवलेलं नाही. शिक्का मारला म्हणून पंप बंद पडतो का?"

वादात अर्थ नव्हता. मी एमडींच्या टर्मिनलवर दोन ओळींचा नवा प्रोग्रॅम लिहून चालवून दाखवला. मग त्याच्यावर साहेबांच्या चार ओळी घातल्या आणि पुन्हा चालवला. कंट्रोल्ड: नॉट फाउंड. ओळी काढल्या, चालला. एमडींनी तीनदा मला तेच करायला लावलं. खासनीससाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग मशीनच कच्चं म्हणायचं."

एमडींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "गुरुवारी ऑडिटर येतायत. चालू होईल?"

मी म्हटलं, "टेप असेल तर होईल."

"टेप आहे?"

"आहे. कुठे आहे ते विचारू नका. आधी तुकोजीरावांचं पक्कं झाल्याचं पत्र त्यांच्या हातात द्या."

खासनीससाहेब उसळले. "म्हणजे नियमबाह्य टेप? तिच्यावर लेबल आहे का? आणि कोणाकडे आहे ती? हे तर..."

"खासनीस," एमडी म्हणाले, "कृपा करून गप्प बसा." नोकरीच्या सगळ्या वर्षांत एमडींचं मला पटलेलं हे एकमेव वाक्य.

मग ते माझ्याकडे वळले. "सुभद्रा, तुम्ही मला धमकी देताय का?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी विचार केला. म्हणाले, पत्र देतो, पण ऑडिटपूर्वी क्वालिटीच्या प्रमुखाचंच नाव चौकशी अहवालात येणं बरं दिसणार नाही. पुन्हा तेच, दिसणं! मी म्हटलं, अहवालात काय लिहायचं ते लिहा, माझी सही मिळणार नाही. तशी ती लागलीही नाही. पुढे तो अहवाल मी पाहिला. मूळ कारण: मशीनची मर्यादा. तयार केले, तपासले, मान्यता, तिन्ही ठिकाणी खासनीस.

ऑडिटचंही इथेच उरकून टाकते. गुरुवारी ऑडिटर आले. त्यांनी एकाही मशीनला हात लावला नाही. कॅन्टीनची पातेली पाहिली, आगीच्या बादल्या पाहिल्या, जेवण बरं होतं म्हणाले आणि प्रमाणपत्र मिळालं. खासनीससाहेबांचा शाल घालून सत्कार झाला. भाषणात ते म्हणाले की ऐन वेळी आलेल्या एका तांत्रिक संकटावर क्वालिटी विभागाने मात केली. टाळ्या पडल्या. इंजिनियरांनीही वाजवल्या, कारण नंतर बदाम हलवा होता. खासनीससाहेबांनी अण्णांची माफी मागितली नाही, कधीच नाही. ती मी मागायला लावायला हवी होती, ही टोचणी मला अजून आहे. फळ्यावरचा मासा मी स्वतः पुसला.

पण सांगायचं आहे ते मंगळवारच्या संध्याकाळचं. एमडींच्या सेक्रेटरीनं पत्र आणून अण्णांच्या हातात दिलं. क्वालिटीतून गेल्याशिवाय कागद बाहेर पडत नसे, त्यामुळे तिथून त्याच्यावरही सोपस्कार होऊन आले होते. वर ठळक अक्षरांत 'कंट्रोल्ड कॉपी'. क्रमांक, आवृत्ती. मान्यता: अ. वा. खासनीस.

मला वाटलं, अण्णा रडतील, नाहीतर हात जोडतील. तसलं काही झालं नाही. त्यांनी चष्मा लावला. शिक्क्यावर अंगठा धरून तो झाकला आणि खालून ओळ न् ओळ वाचायला लागले, ओठ हलवत. पान उलटून मागची बाजू पाहिली. मग कागद माझ्यापुढे धरला.

"अक्का, तू पण एकदा बघ. शिक्क्याच्या खाली मजकूर आहे ना?"

"आहे अण्णा. सगळा आहे."

"सरी, ठीक," ते म्हणाले, पत्राची घडी करून आतल्या खिशात ठेवली आणि पिशवी उचलली. "आता टेप आणतो."